दाखवण्यापुरता एक फोटो

आमच्या घरात कॅमेऱ्याच्या रोलला गॅसच्या सिलिंडरचा दर्जा होता. एकदा लागला की तो पुरवायचा, आणि मध्येच संपला तर त्यात कोणाची तरी चूक असायची. छत्तीस फोटोंचा रोल एका दिवाळीत कॅमेऱ्यात जायचा आणि बहुधा पुढच्या दिवाळीत बाहेर यायचा. त्यामुळे एकाच पाकिटातून फराळाची ताटं, कोणाचं तरी बारसं, बाबांच्या ऑफिसची सहल आणि पुन्हा फराळाची ताटं निघत, आणि मधल्या दोन-चार फोटोंत आम्ही सगळे एकदम थोडे जाड झालेले दिसत असू. कॅमेरा रशियन होता. बाबांनी तो ऑफिसातल्या कोणाकडून तरी घेतला होता, आणि त्याचं वजन हीच त्याच्या चांगुलपणाची खूण मानली जाई. प्रकाश मोजायची सोय त्यात नव्हती. बाबा तो अंदाजाने मोजत, आणि सरकारी लेखा खात्यात जन्म काढलेल्या माणसाचा अंदाज चुकला तरी काटकसरीच्या बाजूने चुकतो. आमच्या कुटुंबाचे त्या काळातले सगळे फोटो दिवेलागणीच्या वेळी काढल्यासारखे आहेत. परवा शेजारच्या मुलीने ते पाहून मला विचारलं, “काकू, तेव्हा तुमच्याकडे वीज नव्हती का?”

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही अमरावतीहून पुण्याला आलो आणि बिबवेवाडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहिलो. आई घरात आणि बाहेर वऱ्हाडीच बोलायची. बाबा दाराच्या आत वऱ्हाडी आणि दाराबाहेर पुणेरी बोलायचे. जिन्यात भेटले तर दोन्हीच्या मधलं काहीतरी. मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथे मराठीत शिंकलं तरी मिस मान वर करून बघायच्या. एकदा खाली खेळायला बोलावलं तेव्हा मी खिडकीतून ओरडले, “थांबा, मी येऊन राहिली!” आणि खालच्या मुली इतक्या हसल्या की त्या दिवशी खेळ झालाच नाही. तीन भाषा येत होत्या आणि तिन्हींत पकडलं जाण्याची भीती होती, म्हणून मी बोलणंच कमी केलं. इमारतीत यावर एकमत झालं की मुलीचं वळण चांगलं आहे.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या रस्त्यावरचा प्रत्येक रिकामा गाळा एक तर कॉम्प्युटर क्लास होत होता किंवा केबलवाल्याचं ऑफिस. घरात नुकताच फोन आला होता आणि त्याच्यावर आईने विणलेला रुमाल होता. सकाळी शेजारच्या बांधकामावर लोखंड कापल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यात पाण्याचा पंप, त्यात चार घरांचे मिक्सर. आई त्या गोंगाटात गोळाभाताचे गोळे वळत बसायची आणि वर फोडणीचं तेल कडकडीत तापवायची, त्याचा चर्र आवाज मात्र सगळ्या आवाजांच्या वरून ऐकू यायचा. मार्च संपला की तिचा मुक्काम गच्चीवर. कुरडया, पापड, सरगुंडे. गच्चीच्या दाराला खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंच्या अक्षरात पाटी होती: ‘वाळवण घालणाऱ्यांनी आपापले कावळे आपणच हाकलावेत.’ ही पाटी आम्हालाच उद्देशून होती, कारण इमारतीत एवढं वाळवण दुसरं कोणी घालतच नव्हतं.

याच गच्चीवरून त्या वर्षी धूमकेतू दिसत होता. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने वायव्येला, टाकीच्या डावीकडे, शेपटी वर करून उभा. दुर्बीण लागत नव्हती, काही लागत नव्हतं. इमारतीतले लोक जेवणाआधी वर येऊन तो बघून जात, जसं कोणाकडचा नवा फ्रीज बघून येतात. “एवढाच?” असं बहुतेक जण म्हणत. केबलवर एक ज्योतिषी रोज सांगत होता की हा फार वाईट आहे. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. तो आला होता, सगळ्यांच्या समोर उभा होता आणि काहीही बोलत नव्हता.

मी दर शनिवारी संध्याकाळी शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आकाशनिरीक्षकांच्या मंडळात जायचे. घरी ते कॉलेजशी संबंधित आहे असं समजलं जाई, आणि मी तो समज दुरुस्त केला नव्हता. मंडळ दामले सर चालवत. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण काउंटरच्या पलीकडे बसल्यासारखेच बोलत. मंडळात एक फोटोवाल्यांचा गट होता. पाच-सहा पुरुष, बहुतेक इंजिनियर. चंद्र नसलेल्या शनिवारी ते कॅमेरे घेऊन कात्रजच्या पुढे, शहराच्या उजेडाबाहेर जात आणि पुढच्या बैठकीला फोटो आणत. त्या फोटोंत आकाशगंगा दुधासारखी सांडलेली असे. बिबवेवाडीतून आम्हाला कात्रजचं फक्त पिशवीतलं दूध दिसायचं. मी तीन महिने धीर गोळा केला आणि एका शनिवारी सरांना विचारलं की मला त्या गटात येता येईल का.

सर माझ्याकडे न बघता खुर्च्या मोजत होते. “तुमच्याकडे कॅमेरा आहे?”

“आहे.”

“फोटो आहेत?”

“दिवाळीचे आहेत.”

“दिवाळी आमच्याकडेही असते,” सर म्हणाले. “धूमकेतू आहे तोवर त्याचा एक फोटो आणा. स्वतः काढलेला. मग बोलू.”

मला एवढंच हवं होतं. एक फोटो. धूमकेतू रोज थोडा खाली सरकत होता. काही दिवसांत तो संधिप्रकाशात बुडणार होता आणि हजारो वर्षं परत येणार नव्हता. सरांना दुसरा धूमकेतू चालला असता, पण तोही कधी येणार हे कोणी सांगू शकत नव्हतं.

आता फोन खिशातून काढून वर धरला की तारे येतात. तेव्हा कॅमेऱ्याचं दार, म्हणजे शटर, उघडं ठेवून थांबावं लागे, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तेवढ्या वेळात तारे सरकत. फोटोत ठिपक्यांऐवजी रेघा यायच्या. त्यावर उपाय म्हणजे दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे लावायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि खालून एक लांब स्क्रू अगदी एका लयीत हाताने फिरवत राहायचं. फळी हळूहळू उघडते आणि कॅमेरा आकाशाबरोबर वळतो. हे यंत्र मी आणि बाबांनी मिळून केलं. बाबांना ताऱ्यांत रस नव्हता, पण बिजागरीत होता. “दार उघडायला एवढा वेळ लावायचा म्हणजे सरकारी काम झालं,” ते म्हणाले आणि खूश होऊन स्क्रूला तेल घातलं. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत रोज कॅमेऱ्याशिवाय स्क्रू फिरवण्याचा सराव करायचे. आई म्हणायची, “काय करून राहिली? पुरणयंत्र तरी घे हातात, पुरण तरी होईल.”

तेवढ्यात अमरावतीहून शोभाआत्या आल्या. आत्या बाबांची मोठी बहीण, आणि आमच्या घराण्याची लग्नं त्या जुळवत. त्यांच्या पर्समध्ये नेहमी चार-पाच मुलामुलींचे फोटो असत, रबर लावलेले, पत्त्यांच्या कॅटसारखे. या वेळी त्यांनी थेट हुकुमाचा एक्का आणला होता. मुलगा अमेरिकेत होता. सन दोन हजार लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते आणि ते पडू नयेत म्हणून त्याला तिथे नेलं होतं. 

“म्हणजे दोन हजारनंतर तो काय करणार?” बाबांनी विचारलं.

“मधू, तू नं, तेरवीचं जेवण आधी मोजतो,” आत्या म्हणाल्या. “त्यायले फोटो पाहिजे. उभा, साडीतला. परवा मी निघते, सोबत घेऊन जाते. पोराची माय माझ्याच हातून फोटो घेईन म्हणते.”

स्टुडिओत जाऊन फोटो काढावा असं आत्यांचं मत होतं. मागे रंगवलेला धबधबा, बाजूला फुलदाणी. बाबांच्या मते घरात कॅमेरा आणि गच्चीवर फुकटचं ऊन असताना ती उधळपट्टी होती. कॅमेऱ्यात नवा रोल होता, तोही वेगवान, अंधारासाठीचा. माझ्या शिकवणीच्या पैशांतून मी तो धूमकेतूसाठी आणला होता. बाबांनी तो आपला मानला, कारण तो त्यांच्या कॅमेऱ्यात होता. शेवटी तह झाला. मी साडी नेसून उभी राहायचं; बाबा चार-सहा फोटो काढून रोल लगेच दुकानात धुवायला देणार आणि येताना तसाच नवा रोल घेऊन येणार; संध्याकाळी तो माझा. हा तह मीच सुचवला, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात मी आईची वांगी रंगाची साडी नेसून गच्चीवर गेले. ऊन इतकं होतं की डोळे उघडत नव्हते, म्हणून आत्यांनी मला जिन्याच्या खोलीच्या दारात, सावलीत उभं केलं. पाठीमागे उन्हात गच्ची आणि कुरडया, समोर जिन्यात कॅमेरा डोळ्याला लावलेले बाबा, त्यांच्या मागे आत्या, त्यांच्या मागे कुलकर्णी काकू, ज्या पाण्याची टाकी बघायला म्हणून वर आल्या होत्या.

“थोडी हस,” आत्या म्हणाल्या.

“जास्त नको,” आई म्हणाली.

“पदर पुढे घ्या,” काकू म्हणाल्या, “म्हणजे मुलगी भरल्यासारखी दिसते. आमच्या भाचीचं असंच जमलं.”

“हात कुठे ठेवू?” मी विचारलं. यावर तिघींचे तीन अभिप्राय पडले आणि बाबांनी त्यांच्या मध्येच बटण दाबलं. माझ्याकडे आयुष्यात इतकं एकटक कोणी बघितलं नव्हतं. मी कॅमेऱ्याच्या भिंगात बघत विचार करत होते की संध्याकाळी याच भिंगातून धूमकेतू आत येणार आहे, आणि त्याला कोणी हात कुठे ठेवायचे हे सांगणार नाही.

फोटो काढून झाले. बाबांनी रोल गुंडाळून बाहेर काढला. गुंडाळताना फिल्मचं टोक आत जाऊ न देता नेमकं बाहेर राखायचं, ही बाबांची खास कला होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. जेवून ते स्कूटरवरून दुकानात गेले. पण पुण्यात इतकी वर्षं राहूनही बाबा मनाने अमरावतीचेच राहिले होते. दुकान एक ते चार बंद होतं. नवा रोल घ्यायचा तर तोही त्याच दुकानातून. बाबा उन्हातून परत आले, रोल त्याच्या डबीत घालून कपाटात नेहमीच्या जागी ठेवला आणि झोपले. उठल्यावर आत्यांच्या बसचं तिकीट काढायला शिवाजीनगरला गेले. दुकान बंद होतं हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुण्यात ते सांगण्यासारखं काही नसतंच.

संध्याकाळी मी कपाट उघडलं. कॅमेरा रिकामा होता आणि बाजूला डबीत रोल होता, नव्या रोलचं असतं तसं टोक बाहेर काढून. ठरल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी. मी तो रोल कॅमेऱ्यात भरला आणि फळ्या घेऊन वर गेले.

ती संध्याकाळ मला पूर्ण आठवते. आई कुरडया गोळा करून परातीत रचत होती आणि त्यांचा बारीक कुरकुर आवाज येत होता. खालून कोणाच्या तरी घरातून कांदा परतल्याचा वास. ध्रुवतारा सापडायला वेळ लागला, कारण त्या बाजूला नवी इमारत उठत होती. धूमकेतू सरळ उभा होता म्हणून मी कॅमेराही उभा बसवला. मग शटर उघडलं, काट्याकडे बघत स्क्रू फिरवायला सुरुवात केली, आणि त्या मिनिटभरात मला कशाचीच भीती वाटली नाही. हात आपोआप चालत होता. असे पाच-सहा फोटो झाले असतील, तोच कुलकर्णी काकू पाहुण्यांना धूमकेतू दाखवायला वर आल्या आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी गच्चीवरचा दिवा लावला.

“काकू, दिवा,” मी म्हटलं.

“असू दे गं, पाहुणे अडखळतील,” काकू म्हणाल्या.

फोटो तिथेच संपले. पुढे आठवडाभर रोज संध्याकाळी वळवाचे ढग आले. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी रोल दुकानात दिला आणि सांगितलं की काळे दिसले तरी सगळे फोटो छापा. दुकानदार म्हणाला, “काळे कशाला छापायचे? काळं घरी नाहीये का?” पण त्याने ते छापले. पाकीट आणायला आत्याच गेल्या, कारण त्यांची बस त्याच संध्याकाळी होती. त्यांना वाटलं, बाबांनी दिलेला साडीचा रोल धुऊन आला. मला वाटलं, माझा रोल धुऊन आला आणि साडीचे फोटो बाबांनी कधीच आणले. आत्यांनी दुकानातच उभं राहून त्यातल्या त्यात बरा एक निवडला, रबराखाली घातला, बाकीचे आईच्या हातात दिले आणि रिक्षात बसल्या. “नेहमीसारखे काळे आहेत, मधू,” जाताना त्या म्हणाल्या, “पण उंची दिसते. अन् जरीचा पदर छान आला.”

त्या साडीला जर नव्हती.

आई मला हाक मारून म्हणाली, “हे काय होय, पाह्य.” मी पाहिलं. जिन्याच्या दारात मी उभी होते, बाबांच्या अंदाजामुळे जवळजवळ सावलीच. आणि माझ्या कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत, पदरावरून, धूमकेतू गेला होता. डोकं निऱ्यांजवळ, शेपटी खांद्यावर. केसांत तारे होते, गळ्यावर, हातावर आणि गालावर. मी एकावर एक फोटो चाळत गेले. सगळ्यांत तेच. पाकिटातला एकही धूमकेतू माझ्याशिवाय नव्हता. बाकी गच्ची, आकाश, कुरडया सगळं दुपारच्या उन्हात पांढरंफटक झालं होतं, तिथे तारा उमटायला जागाच नव्हती. काळोख फक्त माझ्या आकाराचा होता, त्यामुळे धूमकेतूही तेवढाच. मी कात्रीने स्वतःला कापून काढायचा विचार केला, पण मी गेले की तोही जात होता.

बाबांनी फोटो उजेडात धरून पाहिला. “दुकान बंद होतं,” ते म्हणाले. “डबीत जुनाच रोल होता.”

आत्यांचा फोन आठवड्याने आला. त्या काळी परगावच्या फोनवर लोक अंतराच्या हिशेबाने ओरडत, त्यामुळे रिसीव्हर बाबांच्या कानाला असूनही बोलणं स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होतं.

“मधू, पोरीले कोड हाय काय?”

“काय?”

“कोड! पांढरे डाग! पोराची माय भिंग घेऊन बसली होती. गालावर हाय, गळ्यावर हाय, हातावर तं पाच-सहा हायेत म्हणते. माह्यापासून लपवलं तुम्ही?”

बाबा म्हणाले, “ताई, ते तारे आहेत.”

पलीकडचा आवाज आणखी चढला. “तारे? पोरीच्या तोंडावर?”

बाबांनी समजावायचा प्रयत्न केला. दुकान, एक ते चार, डबी, टोक, फळ्या, बिजागरी. लेखापरीक्षकाला उत्तर द्यावं तसं त्यांनी क्रमाने सांगितलं, आणि ते जितकं खरं बोलत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मलाही शेवटी शेवटी पटेनासं झालं. 

“हे मी त्यायले सांगू?” आत्या म्हणाल्या. “ते म्हणतात डॉक्टरचा दाखला पाठवा. कातडीच्या डॉक्टरचा. मी हो म्हणून सांगितलं. अन् तो कॅमेरा पयले कुलपात घाल.”

“बरं,” बाबा म्हणाले. मोठ्या बहिणीला ते एवढंच म्हणत.

आई कणकेने भरलेल्या हातांनी बाहेर आली आणि तिने रिसीव्हर घेतला. फोनला कणीक लागेल म्हणून ती एरवी त्याच्या जवळही जायची नाही. “ताई,” ती म्हणाली, “अन् असते डाग, तं मंग?”

आत्या पुन्हा दाखल्यावर आल्या.

“नाही तसं काही तिले. पण असते, तं आपण पोरगी फेकून देतो काय? दाखला नाही पाठवत आम्ही. त्यायच्या पोराचा कोणता दाखला मागितला आपण?” मग तिने रिसीव्हर ठेवला, पदराने नीट पुसला, रुमाल पुन्हा वर घातला आणि पोळ्यांना गेली. डागांना घाबरणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, शिकलेली, परदेशात राहिलेली. ‘असते तर काय’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकलेला मला आठवत नाही. आईला तर तेव्हा माझा रागच आलेला होता. पोळी लाटत ती म्हणाली, “अन् तू काय तिथे उभी? पाट मांड.”

बाबांनी आत्या आणि आई दोघींचं ऐकलं. दाखला पाठवला नाही, आणि कॅमेरा कुलपात घातला. आठ दिवसांनी कुलूप निघालं तेव्हा वायव्येला टाकीच्या डावीकडे फक्त टाकी होती.

शनिवार आला. त्या शनिवारी सर कात्रजच्या पुढच्या फेरीची नावं ठरवणार होते. माझ्याकडे धूमकेतूचा एक नव्हे, पाच फोटो होते आणि प्रत्येकात मी मध्ये होते, नटून, पदर पुढे घेऊन, कोणीतरी पसंत करावं अशा बेताने हसत. वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, ते चित्र इंजिनियरांनी भरलेल्या हॉलमध्ये हातोहात फिरवायचं या कल्पनेने दोनदा बसस्टॉपवरून परत फिरले. तिसऱ्यांदा बस समोरच आली, आणि परत फिरणं जास्त लोकांना दिसलं असतं.

सरांनी फोटो टेबलदिव्याखाली धरला. “धूमकेतू बरा आलाय,” ते म्हणाले. “मध्ये कोण उभं आहे?”

“मी.”

“ते दिसतंय. का, असं विचारतोय.”

सगळे वळून बघायला लागले. मी सांगितलं. मराठीत एवढं लांब मी तोवर कधी बोलले नव्हते, आणि घाईत वऱ्हाडी, पुणेरी आणि शाळेतलं इंग्रजी सगळं एकत्र बाहेर आलं. कोणी हसलं नाही. अमेरिकेतला मुलगा, डाग, दाखला, यातलं काही त्यांनी मनावर घेतलंसं दिसलं नाही. पण दुकानाचं आलं तेव्हा हॉलभर हळहळ पसरली.

“दुपारी दोनला गेले?” एकजण म्हणाला.

“दोनला?” दुसरा म्हणाला. “वडील कुठले तुमचे?”

सरांनी खिशातून भिंग काढलं आणि माझ्या गालावर ठेवलं, म्हणजे फोटोतल्या. मग पेन्सिलीच्या टोकाने खाली येत गेले. “हे ययाती तारकासमूहातले. हा हातावरचा पण त्यातलाच. ही बांगडी का तारा?”

“बांगडी.”

“हं.” ते पुन्हा गालावर गेले, मग गळ्यावर, मग बराच वेळ हातावर. मुलाच्या आईनेही भिंग घेऊन तेच केलं असेल असं मला वाटून गेलं, आणि मी साडीतल्यासारखीच हात कुठे ठेवावेत ते न कळून उभी राहिले. “तारे गोल आहेत,” सर शेवटी म्हणाले. “एकाचीही रेघ झालेली नाही. मोटर कुठली लावली?”

“मोटर नाही. हाताने फिरवलं.”

“कोणी?”

“मीच.”

त्यांनी फोटो शेजारच्याला दिला, त्याने भिंग मागितलं, आणि मी हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाताना बघत राहिले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघणाऱ्या माणसांना माझ्यात रस नव्हता. ते सगळे डाग तपासत होते आणि माना डोलवत होते.

सरांनी कागद पुढे ओढला, माझं आडनाव विचारलं आणि सहाव्या ओळीत लिहिलं. “पुढच्या शनिवारी पाचला इथून निघतो. उशीर झाला तर थांबत नाही. पाणी आणि डबा आपापला. कात्रजच्या पुढे वारा असतो, स्वेटर आणा.” मग चष्म्यावरून माझ्याकडे, खरोखरच्या माझ्याकडे, एकदा बघून म्हणाले, “आणि या वेळी फोटोच्या बाहेर उभ्या राहा.”